डी ड्राइव्हचा रिसायकल बिन आपोआप रिकामा होत नाही आणि डिस्क परत परत फुल होते, त्याचं कारण आणि उपाय

ज्यांचा डी ड्राइव्ह दर महिना दीड महिन्याला लाल पट्टीवर येतो, आणि विंडोजमधलं स्टोरेज सेन्स, म्हणजे नको असलेल्या फाइली आपोआप काढणारी सोय, चालू करूनसुद्धा ज्यांना काही फरक दिसत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मला हे सगळं नीट कळायला एक अख्खी लग्नसराई लागली, तुम्हाला अर्धा तास पुरेल.

आधी परिस्थिती सांगतो म्हणजे तुमच्याशी जुळते का ते बघता येईल. फलटणला माझ्या मामाचा फोटो स्टुडिओ आहे. तिथं एकच मोठा कॉम्प्युटर, विंडोज ११, सी ड्राइव्ह म्हणजे २५६ जीबीची एसएसडी आणि डी ड्राइव्ह म्हणजे १ टीबीची साधी हार्डडिस्क, जी विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते. त्यावर तीन माणसं काम करतात आणि तिघांचं लॉगिन वेगळं आहे, एक मामाचं, एक अल्बम डिझाइन करणाऱ्या ताईंचं आणि एक व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्या पोराचं. तुळशीचं लग्न झालं की सराई सुरू होते आणि तेव्हापासून दर तीन चार आठवड्यांनी मामाचा फोन ठरलेला, "अरे डी परत भरलाय, रेंडर मधेच थांबतंय, संध्याकाळी चक्कर मार." मी जायचो, तिघांना जुनी कामं डिलीट करायला लावायचो, त्यांनी डिलीट केली तरी जागा काही व्हायची नाही, मग माझ्या लक्षात यायचं की बिन भरलाय, मग एकेका लॉगिनमध्ये जाऊन बिन रिकामा करायचा, पन्नास साठ जीबी सुटायचे, आणि परत पुढच्या महिन्यात तेच.

डिलीट करून जागा का होत नाही हे अजूनही बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून सांगतो. डिलीट दाबल्यावर फाइल हलतच नाही म्हटलं तरी चालेल, ती त्याच ड्राइव्हवर असलेल्या एका लपवलेल्या फोल्डरमध्ये नाव बदलून ठेवली जाते. डी वरची फाइल डी वरच राहते, सी वरची सी वरच. डेस्कटॉपवर आपल्याला बिनचं एकच चित्र दिसतं पण प्रत्येक ड्राइव्हला स्वतःचा बिन असतो आणि त्या बिनच्या आत प्रत्येक लॉगिनचा कप्पा वेगळा असतो. हे एक वाक्य डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे, माझं सगळं अडलं होतं ते इथंच.

तर पहिल्यांदा मी काय केलं, सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात स्टोरेज, त्यात स्टोरेज सेन्स, ते चालू केलं आणि घरी आलो. काहीच झालं नाही. का, तर नुसतं चालू केलं की त्याचं वेळापत्रक 'डिस्कवरची जागा कमी पडेल तेव्हा' असंच राहतं. म्हणजे जागा संपत येईपर्यंत ते हलणारच नाही. तिथं आत जाऊन रोज, दर आठवड्याला किंवा दर महिन्याला यातलं एक निवडावं लागतं. त्याच्या खाली बिनमधल्या फाइली किती दिवसांनी काढायच्या ते विचारतं, कधीच नाही, १, १४, ३० किंवा ६० दिवस, आणि मुळात ३० असतं. मी 'दर आठवड्याला' आणि '३० दिवस' ठेवलं. अजून एक गोष्ट, हे प्रकरण तुम्ही लॉगिन करून दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ ऑनलाइन असाल तरच चालतं. मामाच्या एडिटिंगवाल्या पोराला सवय होती की काम सुरू केलं की वायफाय बंद, म्हणजे अपडेट मधे येत नाहीत. त्याच्या लॉगिनमध्ये हे कधी चाललंच नसणार. आणि हे सेटिंग पण प्रत्येक लॉगिनचं वेगळं असतं, मामाच्या लॉगिनमध्ये चालू केलं म्हणून ताईंच्या लॉगिनमध्ये चालू होत नाही. तिघांच्या तिन्ही ठिकाणी जाऊन करावं लागलं.

एवढं सगळं करून पुढच्या महिन्यात फोन आलाच.

आता खरं कारण. स्टोरेज सेन्स फक्त सिस्टिम ड्राइव्ह बघतं, म्हणजे ज्यावर विंडोज आहे तो सी. डी ड्राइव्हकडे ते ढुंकूनसुद्धा बघत नाही. आणि आपल्याकडे पद्धत काय आहे, कॉम्प्युटर घेतला की देणारा माणूसच सांगतो की सगळं काम डी मध्ये ठेवा, विंडोज उडालं तर सी जाईल पण डी राहील. सल्ला चांगलाच आहे, मी स्वतः लोकांना हेच सांगतो. पण त्यामुळे होतं असं की फाइली डी वर, डिलीट केलेल्या फाइली पण डी वर, आणि आपोआप साफ करणारा सी वर झाडू मारत बसलाय. ज्याचं सगळं काम सी वरच आहे त्याला वरचं सेटिंग पुरेसं आहे, त्यांनी पुढचं नाही वाचलं तरी चालेल. डी, ई वाल्यांनी मात्र वाचा.

नेमकं किती अडकलंय ते आधी बघा, अंदाजावर जाऊ नका. डेस्कटॉपवरच्या बिनमध्ये फक्त तुमचाच कप्पा दिसतो, बाकीच्यांचा दिसत नाही, आणि फाइल एक्सप्लोररमध्ये ते लपवलेलं फोल्डर उघडून आकार बघायला गेलात तर दुसऱ्यांच्या कप्प्याला परवानगी नाही म्हणून आकडा चुकतो. मी विझट्री नावाचं छोटं सॉफ्टवेअर अ‍ॅडमिन म्हणून चालवलं. त्यात डी ड्राइव्हवर डॉलर चिन्हानं सुरू होणारं रिसायकल बिनचं फोल्डर दिसलं, ११८ जीबी. आत तीन कप्पे, नावं म्हणजे एस डॅश १ डॅश ५ डॅश २१ आणि पुढं लांबलचक आकडे, शेवट मात्र १००१, १००२, १००३ असा. पहिला २४ जीबी, दुसरा ४६, तिसरा ४८. एक कप्पा उघडला तर आत सगळ्या फाइली जोडीनं. एक डॉलर आर आणि पुढं सहा अगम्य अक्षरं, ही खरी फाइल, फोटो असेल तर फोटो, व्हिडिओ असेल तर व्हिडिओ. आणि तीच सहा अक्षरं पण सुरुवातीला डॉलर आय, ही इवलीशी फाइल, तिच्यात मूळ नाव, मूळ जागा आणि कधी डिलीट केली ती तारीख वेळ असते. रिस्टोअर म्हटल्यावर फाइल बरोब्बर जुन्या जागी जाते ती या चिठ्ठीमुळे. मला हे बघून फार बरं वाटलं, इतकी वर्षं रिस्टोअर दाबतोय पण मागं अशी चिठ्ठी ठेवलेली असते हे माहीत नव्हतं.

तो ४८ चा आकडा पण उगाच नाही. बिनची मर्यादा मुळात ड्राइव्हच्या आकारावरून ठरते, पहिल्या ४० जीबीचे १० टक्के आणि उरलेल्याचे ५ टक्के. ९३१ जीबीला हिशोब केला तर ४ अधिक साधारण साडेचव्वेचाळीस, म्हणजे साडेअठ्ठेचाळीस जीबी. आणि ही प्रत्येक लॉगिनची वेगळी. तिघांचे मिळून १४५ जीबीपर्यंत नुसता कचरा राहू शकतो आणि विंडोजच्या दृष्टीनं सगळं ठीक आहे. एडिटिंगवाल्याचा कप्पा मर्यादेला टेकलेला होता, ताईंचा टेकायला आला होता.

यावर सगळ्यात साधा उपाय हीच मर्यादा कमी करणं हा आहे आणि मला वाटतं बहुतेकांना एवढ्यानंच भागेल. बिनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, वर ड्राइव्हची यादी येते त्यात डी वर क्लिक करायचं, आणि खाली कस्टम साइजमध्ये आकडा टाकायचा. आकडा एमबीमध्ये असतो, १५ जीबी हवे असतील तर १५३६० टाका, नुसते १५ टाकू नका. मर्यादा भरली की नवीन फाइल आत येताना सगळ्यात जुनी आपोआप बाहेर जाते, म्हणजे वेगळं काही चालवायची गरजच नाही. हे पण प्रत्येक लॉगिनमध्ये जाऊन करायचं. त्याच खिडकीत खाली अजून एक पर्याय असतो, फाइली बिनमध्ये न टाकता लगेच काढून टाका असा. तो कृपा करून निवडू नका. जागेचा प्रश्न एका मिनिटात सुटतो हे खरं, पण चुकून डिलीट झालेलं परत आणायची सोयच जाते.

मर्यादा किती ठेवायची हे तुमची सगळ्यात मोठी फाइल केवढी आहे त्यावरून ठरवा. कारण फाइल मर्यादेपेक्षा मोठी असेल तर ती बिनमध्ये मावतच नाही, विंडोज विचारतं की कायमची डिलीट करू का, आणि घाईत माणूस हो म्हणतो. एडिटिंगवाल्याची लग्नाची फुल फिल्म एकेक २० २२ जीबीची असते, म्हणून त्याला ४० जीबी म्हणजे ४०९६० ठेवले. ताईंना १५ पुरतात, एकेक रॉ फोटो तीस चाळीस एमबीचा धरला तरी साडेतीनशेच्या वर फोटो बसतात. मामाला १०. तिघांचे मिळून ६५ जीबीच्या वर कधी जाणार नाही.

आता टास्क शेड्युलरबद्दल, म्हणजे ठरलेल्या वेळी एखादं काम आपोआप चालवणारी विंडोजमधली सोय, कारण 'आपोआप बिन रिकामा करा' म्हटलं की जो तो तेच सांगतो आणि मी पण आधी तेच केलं होतं. पॉवरशेलमध्ये, म्हणजे विंडोजला टाइप करून हुकूम द्यायच्या खिडकीत, बिन रिकामा करायची कमांड आहे. फोनवर सांगतो तशी सांगतो, टाइप इंग्रजीतच करायची: क्लिअर, डॅश, रिसायकलबिन हा एकच शब्द, मग स्पेस, डॅश ड्राइव्हलेटर हा एकच शब्द, स्पेस, डी, स्पेस, डॅश फोर्स. शेवटचं फोर्स म्हणजे 'खात्री आहे का' असं विचारू नको. टास्क शेड्युलरमध्ये नवीन टास्क करताना प्रोग्रामच्या रकान्यात पॉवरशेल आणि खालच्या आर्ग्युमेंटच्या रकान्यात डॅश कमांड आणि पुढं ही ओळ. सेटिंग्जच्या टॅबमध्ये 'ठरलेली वेळ चुकली तर जमेल तितक्या लवकर चालव' असा पर्याय असतो, त्याला टिक करा, नाहीतर त्या वेळी लाइट गेलेली असली की टास्क राहिलाच. आणि ही कमांड ज्या लॉगिननं चालते त्याच लॉगिनचा कप्पा रिकामा करते, त्यामुळे सिस्टिमच्या नावानं एकच टास्क लावून तिघांचं काम होणार नाही.

मी तिघांना लावला होता, दर महिन्याच्या १ तारखेला सकाळी. महिन्यातून एकदाच, म्हणजे हातात भरपूर वेळ आहे असं मला वाटलं. पण ही कमांड फाइल किती जुनी आहे ते बघत नाही. स्टोरेज सेन्स प्रत्येक फाइलचे दिवस मोजतं, ही मोजत नाही, आत असेल नसेल ते सगळं काढते. तर झालं असं की ३१ तारखेला संध्याकाळी ताईंनी आवरताना एका लग्नाचं हळदीचं फोल्डर चुकून डिलीट केलं, दोन फोल्डरची नावं जवळपास सारखी होती. १ तारखेला सकाळी येऊन त्यांनी लॉगिन केलं, टास्क चालला, आणि तासाभरानं त्या हळदीची पानं लावायला बसल्या तर फोल्डर नाही. बिन उघडला तर रिकामा. त्यांचा फोन आला तेव्हा त्यांना नीट बोलता पण येत नव्हतं, "दादा, नवरीच्या आजी होत्या हो त्या फोटोंत, त्या आता नाहीत." मला अजून ते वाक्य आठवलं की कसंतरी होतं. त्या बाईंची चूक नव्हती, बिनमध्ये असेल हा त्यांचा भरवसा होता आणि तो भरवसा मी त्यांना न सांगता काढून घेतला होता.

फोटो मिळाले. मामाचा जुना नियम आहे, अल्बम गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट करायचं नाही, त्यामुळे कार्डावर सगळं होतं. पण त्या दिवशी मी जाऊन मामाच्या आणि ताईंच्या लॉगिनमधला टास्क काढून टाकला. आता तो फक्त एडिटिंगवाल्याकडे आहे, कारण तो जे डिलीट करतो ते रेंडर झालेल्या जुन्या कॉपी असतात, प्रोजेक्ट आणि मूळ क्लिप हातात असेपर्यंत परत बनवता येतात. आणि त्याला विचारून ठेवलाय. तुम्ही ऑफिसात, क्लासमध्ये, घरात कुठंही असं लावणार असाल तर त्या कॉम्प्युटरवर बसणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगा. काही लोक बिन चक्क कपाटासारखा वापरतात, 'लागलं तर तिथं आहे' म्हणून. ते चूक आहे पण वापरतात, आणि त्यांच्या फाइली गेल्यावर ते चूक होतं हे सांगून उपयोग नाही.

याच कारणासाठी स्टोरेज सेन्समधल्या डाउनलोड्सच्या पर्यायाला हात लावू नका, तो 'कधीच नाही' वरच असू द्या. मुळात तसाच असतो पण कुणीतरी बदललेला असू शकतो म्हणून बघून घ्या. गिऱ्हाइकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले फोटो, पत्रिकेचा मजकूर, सगळं डाउनलोड्समध्येच पडलेलं असतं आणि काही दिवस उघडलं नाही म्हणजे नको आहे असं नसतं.

काही जणांना वेगळाच त्रास असतो, बिन रिकामा करायला गेलं की डी ड्राइव्हवरचा रिसायकल बिन करप्ट झालाय असा मेसेज येतो, हो म्हटलं तरी दोन दिवसांनी परत तोच. काम चालू असताना लाइट जाऊन कॉम्प्युटर धाडकन बंद होतो तिथं हे जास्त बघितलंय. यावर त्या ड्राइव्हचं बिनचं फोल्डरच उडवायचं, विंडोज पुढच्या वेळी नवीन बनवतं. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडा आणि आर डी, स्पेस, स्लॅश एस, स्पेस, स्लॅश क्यू, स्पेस, डी कोलन बॅकस्लॅश, मग मधे स्पेस न देता डॉलर, रिसायकल, डॉट, बिन. हे कमांड प्रॉम्प्टमध्येच करायचं, पॉवरशेलमध्ये चालत नाही, तिथं डॉलरचा अर्थ वेगळा लागतो आणि ते स्लॅशवाले पर्याय पण त्याला कळत नाहीत. विंडोज ११ मध्ये स्टार्टवर राइट क्लिक करून टर्मिनल (अ‍ॅडमिन) उघडलं तर बहुतेक वेळा पॉवरशेलच उघडतं, आधी सीएमडी टाइप करून एंटर दाबा आणि मग ही ओळ द्या. ड्राइव्हचं अक्षर दोनदा वाचून घ्या. यात त्या ड्राइव्हवरचे सगळ्या लॉगिनचे कप्पे जातात, कुणाचं काही परत हवं असेल तर आधी काढून घ्या. तरीही परत येत असेल तर डिस्कच तपासा, चेकडिस्क (टाइप करताना सी एच के डी एस के), स्पेस, डी कोलन, स्पेस, स्लॅश एफ लावून, आणि त्याच्याही आधी बॅकअप.

अजून एक, पेन ड्राइव्हवरून डिलीट केलेलं आणि नेटवर्कवरून दुसऱ्याच्या शेअर्ड फोल्डरमधून डिलीट केलेलं बिनमध्ये जातच नाही, सरळ जातं. मामानं आता ताईंना वेगळा लॅपटॉप घेऊन दिलाय आणि त्या मोठ्या कॉम्प्युटरचं डी शेअर करून तिथून काम करतात, म्हणजे त्यांच्यासाठी बिन हा प्रकारच उरलेला नाही. म्हणून चालू लग्नांच्या फोल्डरना त्यांच्या नावावर वाचायची परवानगी ठेवलीय, डिलीटची नाही, आणि अल्बमच्या फाइली त्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतात.

सगळं लावून झालं की तपासून बघा. डी वर एक साधी टेक्स्ट फाइल बनवा, डिलीट करा, बिनमध्ये दिसतेय ना बघा, मग टास्क शेड्युलरमध्ये आपल्या टास्कवर राइट क्लिक करून रन म्हणा आणि परत बिन बघा. मात्र त्याआधी बिनमध्ये कामाचं काही नाही ना हे बघून घ्या, कारण रन म्हणजे खरंच रन. फाइल गेली तर टास्क बरोबर आहे. बिन आधीच रिकामा असताना चालवला तर कधीकधी एरर दाखवतो, त्याला घाबरू नका. मर्यादेचं तपासायचं तर पंधरा दिवसांनी परत विझट्री लावा आणि तिन्ही कप्प्यांचे आकडे बघा. मामाकडे मी मागच्या आठवड्यात बघितलं, ९, १४ आणि ३७ जीबी.